ऑस्ट्रेलियातील मोटारसुख: एक तौलनिक विवेचन

दक्षिण ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ येथील होल्डनच्या कारखान्यातून २० ऑक्टोबर २०१७ रोजी शेवटची कमोडोर बाहेर पडली आणि त्या देशात घरोघरच्या मोटारी बनवण्याचा उद्योग संपला. फोर्डने फाल्कनचे उत्पादन वर्षभर आधीच थांबवले होते, आणि टोयोटानेही त्याच महिन्याच्या सुरुवातीला आल्टोनाच्या कारखान्याला कुलूप लावले होते. स्थानिक मोटार बरी की युरोपीय, हा तेथील जुना वाद मात्र त्यानंतर अधिकच रंगात आला. मेल्या म्हशीला मणभर दूध, या न्यायाने दिवंगत फाल्कन आता कधीच बिघडत नव्हती, तिला पेट्रोल नावापुरते लागत असे आणि तिच्या मागच्या सीटवर अख्खे कुटुंब आडवे होऊन झोपत असे, अशी साक्ष देणारे गृहस्थ कोणत्याही बार्बेक्यूच्या शेगडीभोवती हमखास भेटतात. युरोपीय मोटार हयात असल्यामुळे तिला ही सवलत मिळत नाही. तिच्या गुणांचे स्मरण होण्याआधी तिचे बिल येऊन पडते.

तुलनेला हात घालण्यापूर्वी दोन्ही पक्षांची कुळे तपासणे शास्त्राला धरून होईल, आणि पहिली अडचण तेथेच उभी राहते. होल्डन घराण्याने १८५६ मध्ये ॲडलेडला खोगिरांच्या धंद्याने सुरुवात केली आणि पुढे मोटारींकडे वळल्यावर गोल दगड लोटणारा सिंह हे आपले बोधचिन्ह केले. सिंहाला असा दगड लोटताना पाहून मानवाला चाक सुचले, अशी त्यामागची कथा आहे, सिंहाने तो उद्योग कशासाठी आरंभला होता याचा खुलासा मात्र कथेत नाही. १९३१ मध्ये हे घराणे अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या पदरी पडले, आणि २९ नोव्हेंबर १९४८ रोजी पंतप्रधान बेन चिफली यांनी ऑस्ट्रेलियाची स्वतःची मोटार म्हणून जी होल्डन जनतेपुढे उभी केली, तिचा मूळ आराखडा अमेरिकेत शेवरोलेसाठी काढून बाजूला ठेवलेला होता. १९६० ची फोर्ड फाल्कन अमेरिकेहूनच आली. १९७८ ची कमोडोर तर जर्मनीच्या ओपेल कंपनीच्या रेकॉर्ड आणि सेनेटर या दोन मोटारींच्या संकरातून जन्मली, त्यामुळे जर्मन गाड्यांना चार चव्हाट्यांवर नावे ठेवणारा कमोडोरभक्त आयुष्यभर जर्मन गाडीच चालवत होता, हे कोणीतरी त्याला हळुवारपणे सांगायला हवे होते. ब्रिटिश लेलँड कंपनीने १९७३ मध्ये खास ऑस्ट्रेलियासाठी पी-७६ नावाची गाडी काढली आणि तिच्या डिकीत ४४ गॅलनचे, म्हणजे सुमारे २०० लिटरचे, पिंप मावते याचा डांगोरा पिटला. असे पिंप बरोबर घेऊन सहलीला निघालेल्या कुटुंबाची नोंद उपलब्ध नाही, आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील त्या गाडीचे उत्पादन थांबले.

तेव्हा ऑस्ट्रेलियन मोटार म्हणजे परदेशात जन्मलेली, ऑस्ट्रेलियाच्या रस्त्यांवर मोडलेली आणि मोडली तेथे जाड लोखंड घालून पुन्हा उभी केलेली मोटार, अशी व्याख्या करावी लागते. यातील मोडणे हा संस्कार ऐच्छिक नव्हता. पहिल्या फाल्कनचे पुढचे बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला वळू देणारे आणि त्याच वेळी खाली-वर होऊ देणारे गोळ्याचे सांधे, अमेरिकेतील गुळगुळीत रस्त्यांच्या हिशेबाने केलेले होते. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातील कच्च्या रस्त्यांनी त्यांचा हिशेब लवकरच चुकता केला. गेलेली अब्रू परत मिळवण्यासाठी फोर्डने १९६५ मध्ये जिलाँगजवळच्या यू यँग्ज येथील आपल्या चाचणी-मैदानावर पाच फाल्कन रात्रंदिवस पळवल्या आणि सगळ्यांचे मिळून ७०,००० मैल, ताशी ७० मैलांहून अधिक सरासरी वेगाने, नऊ दिवसांत पुरे करून दाखवले. या व्रतात काही गाड्या उलटल्याही, परंतु उलटलेली गाडी सरळ करून पुन्हा पळवता येते हे त्या निमित्ताने सिद्ध झाले आणि जाहिरातीच्या दृष्टीने ते अधिकच उपयोगी पडले. ओपेलची गाडी कमोडोर होण्यासाठी आली तेव्हा चाचणीत तिचा सांगाडा फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि माणसे यांना वेगळे ठेवणाऱ्या पडद्यापाशी, अक्षरशः फाटला. जर्मनीत इंजिन आणि माणसे एवढ्या सहजपणे विभक्त होत नसल्याने तेथील अभियंत्यांना याचे मोठे नवल वाटले असावे.

यावरून युरोपीय गाड्या नाजूक असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. १९५३ मध्ये रेडेक्स नावाच्या, तेल-इंधनात मिसळायची द्रव्ये बनवणाऱ्या कंपनीने ऑस्ट्रेलियाभर सुमारे साडेसहा हजार मैलांची पहिली शर्यत भरवली, तेव्हा चिखल, नद्या आणि खडक ओलांडून पहिली आली ती फ्रान्सची लहानखुरी प्यूजो २०३, आणि दोनच वर्षांनी तो मान फोक्सवागनच्या बीटलने पटकावला. त्या पिढीतील शेतकरी प्यूजोचे नाव आदराने घेत. पुढे युरोपीय गाड्यांचे नेमके काय झाले, याचे उत्तर युरोपातील रस्ते सुधारले, असे थोडक्यात देता येते.

आता सुखाकडे वळावे. सुख ही भावना व्यक्तिनिष्ठ असली तरी मोटारीच्या बाबतीत तिचे काही भौतिक घटक सांगता येतात: बसण्याची गादी, खड्डे गिळणारे सस्पेन्शन, वातानुकूलन आणि पाय पसरायला जागा. जुन्या होल्डनची आणि फाल्कनची पुढची सीट म्हणजे आडवा सलग बाक असे, त्यावर तिघे बसत, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बुंध्याला लावलेला असल्याने मधल्याच्या गुडघ्यांना उपद्रव होत नसे. वळणावर मात्र तिघेही एकाच दिशेला सरकत आणि कुटुंबातील जवळीक वाढे. जर्मन सीट याच्या उलट, पाठीच्या मणक्यांचा अभ्यास करून केलेली, कडक आणि कडेने कवळ घालणारी असते. तिच्यावर बसलेला माणूस आपली पाठ सुधारण्यासाठीच मोटार घेतली असे पहिले तीन महिने सांगतो आणि नंतर हप्त्यांमुळे पाठ दुखते असे सांगू लागतो. फ्रेंचांनी सुखाचा विचार तत्त्वज्ञानाच्या पातळीवर नेला. सिट्रोएनने स्प्रिंगच काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी वायू व तेल यांनी भरलेले गोळे बसवले. या हायड्रोन्यूमॅटिक, म्हणजे द्रव आणि वायू यांवर तरंगणाऱ्या, सस्पेन्शनची गाडी इंजिन सुरू केल्यावर उंटासारखी हळूच उभी राहते आणि मग खड्डा जाणवतच नाही. तेल गळले की ती बसते, आणि ते सस्पेन्शन जाणणारा मेकॅनिक पुढच्या शहरात असेल तर बसूनच राहते.

वेगाच्या सुखाचे गणित त्याहून अवघड आहे. जर्मनीच्या मोठ्या कंपन्यांनी आपल्या भारी गाड्यांचा कमाल वेग आपसात ठरवून ताशी २५० किलोमीटरवर रोखला आहे, आणि या संयमाचे तेथे कौतुक होते. ऑस्ट्रेलियात महामार्गावरची मर्यादा बहुतेक ठिकाणी ११० आहे, नॉर्दर्न टेरिटरीत काही पट्ट्यांवर १३०, त्यामुळे मालकाने विकत घेतलेल्या वेगाचा सुमारे निम्मा भाग कायम शिल्लक राहतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला न वापरलेला म्हणून सांगता येतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील एअर महामार्गावर बॅलाडोनिया आणि कायगुना यांच्या दरम्यान १४६.६ किलोमीटरचा रस्ता एकही वळण न घेता जातो. जगातील उत्तम वळणे घेणारी गाडी येथे दीड तास काहीही न घेता जाते. त्यातच अनेक जर्मन गाड्यांना स्टेपनी नसते; तिच्याऐवजी रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही ताठ राहणारे टायर असतात, आणि पंक्चर झाल्यावर त्यांवर साधारण ८० किलोमीटर, तेही ताशी ८० च्या आत, जाता येते असे कंपन्या सांगतात. हा आकडा युरोपात ठरलेला आहे, जेथे ८० किलोमीटरांत एखादे वेळी देश बदलतो. सरळ पट्ट्याच्या सुरुवातीलाच पंक्चर झाल्यास टायरचे आयुष्य संपते तेव्हा पुढे आणखी साठ-सत्तर किलोमीटर तोच सरळ पट्टा शिल्लक असतो, आणि तो कसाबसा पार करून रोडहाऊस गाठले तरी तेथे ट्रकचा टायर मिळण्याची शक्यता जर्मन सेडानच्या टायरपेक्षा पुष्कळ अधिक असते.

सुखाची एक निव्वळ ऑस्ट्रेलियन कल्पना येथे नोंदवली पाहिजे. १९३२ च्या सुमारास व्हिक्टोरियातील गिप्सलँडच्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिले, की रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील अशी गाडी हवी, असे सांगितले जाते. त्यावरून लुईस बँट या तरुण अभियंत्याने जिलाँगला पुढून मोटार आणि मागून उघडा हौदा असे वाहन आखले आणि १९३४ मध्ये ते विक्रीला आले. तेथे त्याला युट म्हणतात. युरोपीय कारखानदारांना हा प्रश्न त्या रूपात कोणी विचारलाच नसावा. पाय पसरण्याची जागा किती, एसी किती विभागांत वेगळा लावता येतो, दारे लागताना आवाज कसा येतो, यांचे त्यांनी बारकाईने संशोधन केले, परंतु देवदर्शन आणि डुकरे यांच्या मधला एक दिवस त्यांच्या आराखड्यातून निसटला.

खर्चाचा विचार घसाऱ्यापासून करावा लागतो. घसारा म्हणजे वापराने आणि काळाने वस्तूच्या किमतीत होणारी घट; भारी युरोपीय सेडानच्या बाबतीत ती इतकी वेगवान असते की काही वर्षांतच मूळ किमतीचा मोठा भाग हवेत विरतो आणि दहा वर्षांची, कातडी सीटांची, लाकडी पट्ट्यांची, एके काळी डॉक्टरने वापरलेली गाडी नव्या छोट्या गाडीपेक्षाही स्वस्तात दारात येते. येथेच पुष्कळांचा घात होतो. घसारा गाडीच्या किमतीला लागतो, सुट्या भागांच्या किमतीला लागत नाही. गाडी सेकंड-हँड असली तरी तिचा वॉटर पंप मात्र नव्या गाडीच्याच भावाने येतो, आणि तो बसवायचे तास मेकॅनिक प्रामाणिकपणे मोजतो, कारण पंपापर्यंत पोचण्यासाठी वाटेतील बरेच काही सोडवावे लागते.

बॅटरीचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. फाल्कनचे बॉनेट उघडले की बॅटरी समोरच असते. दहा नंबरच्या पान्ह्याने दोन तारा आणि एक पट्टी सैल केली की ती बाहेर येते, नवी आत बसते, आणि स्पेअर पार्टच्या दुकानातील मुलगा हे काम गप्पा मारता मारता पार्किंगमध्येच उरकतो. तिच्याच वयाच्या जर्मन सेडानमध्ये बॅटरी बहुधा डिकीच्या तळाशी असते. गालिचा, फळी आणि पाने-पक्कडीचा साचा बाजूला केल्यावर ती दिसते, तिला एक नळी आणि काही संवेदक जोडलेले असतात, आणि हे सारे सुरळीत बदलले तरी काम पुरे होत नाही, कारण नवी बॅटरी आल्याची वर्दी लॅपटॉप जोडून गाडीच्या संगणकाला द्यावी लागते. घरात नवी सून आली तरी आजेसासूला रीतसर कळवल्याशिवाय तिने चुलीला हात लावायचा नाही, तसा हा मामला असतो. न कळवल्यास संगणक जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या समजुतीने नवीला चार्ज करत राहतो आणि तिचे आयुष्य घटवतो. लॅपटॉप बाळगणारा मेकॅनिक स्वतःला स्पेशालिस्ट म्हणवतो, आणि वैद्यकातल्याप्रमाणे येथेही या शब्दाने फी बदलते.

इंधनाच्या बाबतीत युरोपीय पक्षाला काही गुण द्यावे लागतात. महाराष्ट्रात गाडी लिटरला किती किलोमीटर देते ते विचारतात आणि त्याला ॲव्हरेज म्हणतात. ऑस्ट्रेलियात १०० किलोमीटरला किती लिटर पिते ते विचारतात, त्यामुळे नाशिकहून मेलबर्नला आलेल्या गृहस्थाला मोठा आकडा ऐकून आनंद होतो आणि शेजाऱ्याला त्याची कीव येते. चार लिटरच्या सहा सिलिंडरी फाल्कनने मात्र हा सांस्कृतिक पेच सोडवला होता: तिचा आकडा दहाच्या आसपास असे, आणि दहा हा एकच आकडा असा आहे की दोन्ही पद्धतींत त्याचा अर्थ सारखाच होतो. युरोपीय डिझेल गाडी त्याच्या निम्म्यात भागवते. पेट्रोलवरची युरोपीय गाडी मात्र ९५ किंवा ९८ ऑक्टेनचे, म्हणजे अवेळी पेट घेण्याला अधिक विरोध करणारे महाग पेट्रोल मागते, तर फाल्कन साध्या ९१ वर चाले, आणि टॅक्सीवाली फाल्कन तर निम्म्या भावाच्या एलपीजीवर पाच-सहा लाख किलोमीटर मुकाट्याने काढी. तिच्या त्या इंजिनाला बॅरा हे नाव बॅरामंडी माशावरून पडले होते. जर्मन इंजिनांची नावे अक्षरांत आणि आकड्यांत असतात, त्यांच्यावर माया करणे कठीण जाते.

सरकारी खर्चात दोन्ही पक्ष समान भरडले जातात, पण राज्यागणिक वेगळ्या जात्यात. मोटारीच्या वार्षिक नोंदणीला तेथे रेगो म्हणतात. न्यू साउथ वेल्समध्ये ती गाडीच्या वजनावर आकारतात, क्वीन्सलँडमध्ये सिलिंडरांच्या संख्येवर, त्यामुळे सीमा ओलांडताच तीच गाडी जड असण्याऐवजी बहुसिलिंडरी असल्याचा दंड भरू लागते. सिडनीत रेगोआधी हिरवी चिठ्ठी लागते, म्हणजे अपघातात माणसांना झालेल्या इजेचा सक्तीचा विमा, आणि गाडी पाच वर्षांपुढची असेल तर गुलाबी चिठ्ठी, म्हणजे ती रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा दाखला. याखेरीज भारी गाडी घेताना चैनीच्या मोटारींवरचा कर असतो: ठरीव मर्यादेच्या वरच्या रकमेवर ३३ टक्के, आणि ही मर्यादा २०२४-२५ या आर्थिक वर्षात ८०,५६७ डॉलर होती. २००० मध्ये आलेला हा कर देशी कारखान्यांना परदेशी चैनीपासून वाचवतो, असे त्याचे समर्थन होत असे. २०१७ मध्ये वाचवण्यासारखे कारखाने उरले नाहीत, तरी कर चालू आहे, आणि वाळवंटात गुरांमागे धावणाऱ्या महाग टोयोटा लँडक्रूझरलाही तो चैन समजून लागू होतो.

या सगळ्या हिशेबात न बसणारा घटक म्हणजे प्रतिष्ठा. सिडनीत स्थिरावलेल्या मराठी तरुणाने आपल्या फाल्कनचा फोटो सांगलीला पाठवला तर घरून फार तर "टॅक्सी घेतलीस का?" असे विचारले जाते, तीन टोकांच्या चांदणीची गाडी अंगणात उभी दिसली की आत्या तो फोटो चार घरी पाठवते आणि रेगो किती पडली हे कोणी विचारत नाही. युरोपीय गाडीला संक्रमणकाळही असतो. तिचा इंडिकेटर स्टिअरिंगच्या डावीकडे, फाल्कनचा आणि जपानी गाड्यांचा उजवीकडे, त्यामुळे नवा मालक कित्येक आठवडे रखरखीत उन्हात वळताना वायपर फिरवतो आणि शेजाऱ्यांना गाडी नवी असल्याचे फुकटात कळते. मराठी माणूस यातून लवकर सुटतो, कारण चाकणला बनलेली पोलो ज्याने पुण्यात चालवली आहे त्याचा डावा हात आधीच तयार असतो. व्होल्वोवाल्यांची प्रतिष्ठा मात्र वेगळ्या जातीची होती: टोपी घालून मधल्या लेनमध्ये संथपणे जाणारा आणि सुरक्षिततेमुळे इतरांना संकटात टाकणारा चालक, अशी त्यांची टर तेथे कित्येक दशके उडवली गेली, आणि शेवटी कंपनीनेच तीच टर आपल्या जाहिरातीत वापरली. रेंज रोव्हर मेलबर्नच्या श्रीमंत टूरॅक उपनगरात मुलांना शाळेत सोडण्यासाठी फिरते, म्हणून तशा गाड्यांना टूरॅक ट्रॅक्टर म्हणतात. २००८ पासून ती गाडी टाटांची झाल्याने इंग्रजी थाटाचा तो नफा मुंबईच्या बॉम्बे हाऊसच्या वहीत जमा होतो, याची टूरॅकमध्ये फारशी वाच्यता होत नाही.

शेवटच्या अंकात दोन्ही पक्ष एकमेकांत मिसळले. होल्डनने २०१८ मध्ये कमोडोरचे नाव जर्मनीहून आयात केलेल्या ओपेल इन्सिग्नियाला दिले, आणि ओपेल तोपर्यंत प्यूजोच्या मालक कंपनीने विकत घेतलेली होती, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच गाड्यांना हसलेला भक्त आता फ्रेंच मालकीची जर्मन गाडी ऑस्ट्रेलियन म्हणून घ्यायला बोलावला गेला. तो आला नाही. १७ फेब्रुवारी २०२० रोजी होल्डन हे नावच बंद करण्याची घोषणा झाली. पंतप्रधानांच्या दिमतीला असलेल्या होल्डन कॅप्रिसच्या जागी चिलखती बीएमडब्ल्यू त्याआधीच आलेली होती. आणि आता भंगारात गेलेल्या फाल्कनच्या थोरल्या बहिणीला, १९७१ च्या जीटी-एचओ फेज थ्रीला, लिलावात दहा लाख डॉलरांच्या पुढे बोली लागली आहे, जेवढ्यात नव्या कोऱ्या जर्मन सेडानांची एक छोटी रांग उभी करता यावी.

एवढ्या मोलाची गाडी रोज रस्त्यावर काढणे कोणाच्या छातीला झेपत नाही. व्हिक्टोरियात पंचवीस वर्षांपुढच्या मोटारींना क्लब परमिट मिळते. ते नेहमीच्या रेगोपेक्षा बरेच स्वस्त पडते, वर्षाला ४५ किंवा ९० दिवसांपुरते असते, आणि चालवलेल्या प्रत्येक दिवसाची नोंद वहीत करावी लागते. वार्षिक खर्चाच्या कसोटीवर दहा लाखांची ही गाडी अशा रीतीने सर्वांत किफायतशीर ठरते. उरलेल्या ३२० किंवा २७५ दिवसांसाठी मालकाला दुसरी गाडी ठेवावी लागते, आणि ती बहुतेक वेळा टोयोटा असते.